आता मी इमारतीचं नाव सांगते

धंद्यात आले तेव्हा पहिला धडा मिळाला तो असा: गिऱ्हाइकाला इमारतीचं नाव सांगायचं नाही. २००४ साल होतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर, आनंदनगरच्या एका इस्टेट एजंटकडे मी चाव्या सांभाळायला आणि फोन घ्यायला लागले. त्यांना सगळे काका म्हणायचे. काका सांगायचे, "नाव कळलं की वॉचमन कळतो, वॉचमन कळला की मालक कळतो, आणि मालक कळला की आपले दोन टक्के गेले." म्हणून पार्टीला माणिकबागेच्या चौकात बोलवायचं, आपल्या गाडीमागून यायला सांगायचं आणि जमलं तर आतल्या गल्ल्यांनी न्यायचं. मालकाला आदल्या रात्रीच बजावून ठेवायचं, की पार्टीशी फार बोलत बसू नका, नंबर देऊ नका. मी हे मन लावून शिकले. पुढे स्वतःचं ऑफिस टाकलं, वीस वर्षं याच विद्येवर घर चालवलं, मुलीला शिकवलं.

ती विद्या मी आता सोडली आहे. का सोडली, ते लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

फेसबुक, इन्स्टाग्राम मला आवडत नसत. त्याचं एक कारण खरं होतं. बाईचा फोन नंबर आणि फोटो चारचौघांत गेला की रात्री साडेअकराला 'हाय डिअर' येतं, हे मी पाहिलं होतं. आजही येतं. ब्लॉक करते आणि झोपते. दुसरं कारण मी लोकांना सांगायचे ते असं, की आपला धंदा ओळखीवर चालतो, असल्या दिखाव्याची आपल्याला गरज नाही. ते खोटं होतं. मला भीती होती ती माहिती उघडी पडण्याची. कोणती सोसायटी, कोणता मजला, मालक किती घाईत आहे, शेजारचा फ्लॅट कितीला गेला, हे सगळं एका वहीत होतं आणि ती वही म्हणजेच माझं भांडवल, अशी माझी पक्की समजूत होती.

करोनात नाइलाज झाला. लोक घर बघायला येईनात. त्यात सप्टेंबर २०२० पासून सरकारनं मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्चपर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं, आणि घेणाऱ्यांची एकदम घाई सुरू झाली. परदेशातली मुलं आईवडिलांसाठी व्हिडिओ कॉलवर फ्लॅट बघू लागली. मी फोन हातात धरून खोल्या दाखवू लागले. मग भाचा म्हणाला, "मावशी, हे रील करून टाकूया." त्यानं एक ड्रोनवाला मित्र आणला. वरून नदी, हिरवी झाडी, मागे हिंदी गाणं, आणि शेवटी 'डिटेल्ससाठी डीएम करा'. भाव नाही, इमारतीचं नाव नाही. म्हणजे काकांची चौकात बोलवायची पद्धतच मी इन्स्टाग्रामवर आणली होती.

एका टू बीएचकेचं रील लाखाच्या वर लोकांनी पाहिलं. चार दिवस फोन थांबत नव्हता. जळगाव, सांगली, दुबई, कुठून कुठून. त्यातून प्रत्यक्ष बघायला दोन कुटुंबं आली आणि व्यवहार एकही बसला नाही. बसणारही नव्हता, कारण तो फ्लॅट रील टाकायच्या आठवडाभर आधीच विकला गेला होता. आमच्याकडे ही जुनी रीत आहे: चांगला दिसणारा, गेलेला फ्लॅट जाहिरातीत ठेवायचा आणि फोन आला की म्हणायचं, "अहो, तो कालच गेला, पण तसाच दुसरा आहे." मी ते केलं आहे. वाइड लेन्स लावून दहा बाय दहाची बेडरूम हॉलसारखी दाखवली आहे. सहाव्या मजल्यावरून दिसणारी नदी दाखवून दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायचा प्रयत्न केला आहे. तेव्हा याला मी मार्केटिंग म्हणत होते.

पहिला धक्का परीक्षेनं दिला. राज्याच्या गृहबांधणी नियामकानं, महारेरानं, २०२३ मध्ये आम्हा एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पंचेचाळिशीत पुन्हा अभ्यासाला बसले. रेरा कायद्याचं दहावं कलम वाचताना पेन हातात तसंच राहिलं. एजंटानं तोंडी, लेखी किंवा दृश्य स्वरूपात खोटं चित्र उभं करू नये, असं तिथे लिहिलं आहे. कायदा २०१६ चा आहे, त्या वेळी आमच्या धंद्यात रील कोणाला माहीत नव्हतं. तरी 'दृश्य स्वरूपात' हे शब्द वाचताना मला आमचा ड्रोनच दिसत होता. एजंटानं नियम मोडला तर रोजचा दहा हजार रुपये दंड आहे, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२३ च्याच ऑगस्टपासून नव्या प्रकल्पांच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही बंधनकारक झाला. मी एका नव्या स्कीमचं रील कोडशिवाय टाकलं होतं. ते त्याच रात्री काढलं. जुन्या, बांधून झालेल्या इमारतींतली रिसेल घरं या क्रमांकाच्या नियमात येत नाहीत, आणि माझा ऐंशी टक्के धंदा रिसेलचाच. म्हणून मी स्वतःला समजावलं, की आपलं फारसं काही बिघडलेलं नाही. परीक्षा पास झाले, प्रमाणपत्र भिंतीवर लावलं आणि रिसेलचं काम पूर्वीसारखंच चालू ठेवलं.

मग २५ जुलै २०२४ उजाडला. रात्रभर पाऊस कोसळत होता, खडकवासला धरण भरलेलं होतं, पहाटे मुठेत पाणी सोडलं गेलं. त्या दिवशी विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या पुढे गेला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण अठ्ठावीस लिटर. पस्तीस हजारांचा हिशेब केला तर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. एकतानगरी आणि विठ्ठलवाडीच्या बाजूच्या नदीकाठच्या सोसायट्यांत माणसं झोपेतून उठली ती पाण्यात. लष्कराला यावं लागलं.

सकाळी नऊला मला सरांचा फोन आला. सर म्हणजे निवृत्त शिक्षक. फेब्रुवारी २०१७ मध्ये मी त्यांना नदीकडच्या एका सोसायटीत तळमजल्यावरचा वन बीएचके घेऊन दिला होता. त्यांच्या पत्नीचे, म्हणजे बाईंचे, गुडघे दुखतात, जिना नको, म्हणून तळमजला. सर शांतपणे म्हणाले, "ताई, महिनाभरासाठी कुठे एखादी खोली मिळेल का? आम्ही सध्या वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे आहोत." त्यांनी तक्रार केली नाही. खोल्या शोधून देणारी ओळखीची मीच एकटी होते, म्हणून त्यांनी मला फोन केला होता.

दोन दिवसांनी हिंगण्यात एक खोली दाखवायला त्या दोघांना घेऊन गेले. बाईंच्या अंगावर शेजारणीची साडी होती. खोली बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, तिथे पाणी येतं हे तुम्हाला माहीत होतं का हो?"

मी "नाही" म्हणाले.

मला माहीत होतं. फ्लॅट दाखवायच्या आधी मी एकटी बघायला गेले होते तेव्हा वॉचमननं सांगितलं होतं, की धरणातून जास्त पाणी सोडलं की पार्किंगपर्यंत येतं. मी ते ऐकलं, आणि व्यवहार फेब्रुवारीत होता, ऊन होतं, नदी तळाला गेलेली होती. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नव्हतं. आमच्या विद्येत गप्प राहणं हाच तर मुख्य गुण.

मी पुणेकर. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं त्याच्या गोष्टी ऐकत मोठी झाले. माझ्या आजीचं घर त्यात गेलं होतं. कुठल्या वाड्यात पाणी किती चढलं होतं हे ती बोट दाखवून सांगायची. त्या घरातली मुलगी मी, आणि पाण्याबद्दल गप्प बसले.

चार दिवसांनी सरांच्या घरी गाळ काढायला गेले. तिथे सांगून टाकलं, की मला माहीत होतं. सर काही बोलले नाहीत. बाई पायरीवर भिजलेले फोटो वाळत घालत होत्या. त्या एकेक फोटो उलटत राहिल्या. मी झाडू घेतला आणि आतल्या खोलीत गेले.

ऑगस्टमध्ये मी एक व्हिडिओ केला. भाच्याला बोलावलं नाही, गाणं लावलं नाही. नदीच्या पुलाजवळ उभी राहून फोनमध्ये बघून बोलले. पूररेषा म्हणजे काय, ते सांगितलं: सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते. पण जुन्या इमारती या रेषांच्या आत आहेतच आणि त्यातले फ्लॅट रोज विकले जातात. विकत घेण्याआधी रेषा कुठून जाते ते महापालिकेच्या नकाशात बघा, पार्किंगच्या भिंतीवर ओलीची खूण बघा, मीटरची पेटी आणि पाण्याचा पंप जमिनीपासून किती वर बसवलाय ते बघा, वॉचमनला विचारा. शेवटी म्हणाले, की मी एका कुटुंबाला हे सांगितलं नव्हतं. चार मिनिटांचा व्हिडिओ होता.

ड्रोनच्या रीलइतकी माणसं तो बघायला आली नाहीत, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नाही. पण तो सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला आणि फोन आले ते वेगळे होते. पूर्वी लोक विचारायचे, "लास्ट किती?" आता एक गृहस्थ म्हणाले, "माझ्याकडे तीन फ्लॅट शॉर्टलिस्ट आहेत, तिन्ही दुसऱ्या एजंटांकडचे आहेत. तुम्ही माझ्याबरोबर बघायला याल का? तुमची जी काय फी असेल ती देतो." वीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. लोक पैसे द्यायला तयार होते, आणि तेही माझ्या वहीतल्या पत्त्यांसाठी नाही.

त्यानंतर मी हळूहळू सगळं उघड करत गेले. आता घराचा व्हिडिओ सुरू होतो तोच इमारतीच्या नावानं. बांधकाम पूर्ण झाल्याचं वर्ष, मजला, लिफ्ट आहे की नाही. सेलेबल, बिल्टअप असले आकडे बोलत नाही. कॅमेऱ्यासमोर टेप लावून कारपेट क्षेत्रफळ मोजते. महिन्याचा मेंटेनन्स, पार्किंग सोसायटीच्या ठरावानं मिळालंय की नुसतं वापरात आहे, जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावावर झालंय का. भाव स्पष्ट सांगते, आणि त्याच सोसायटीत अलीकडे नोंदलेल्या खरेदीखतांची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, बघून ते व्यवहार कितीला झाले तेही सांगते. ही माहिती नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये कुणालाही मिळते, मी फक्त शोधून समोर ठेवते. शिवाय वरचा खर्च: पुण्यात ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर मुद्रांक शुल्क सात टक्क्यांनी पाच लाख साठ हजार, बाईच्या एकटीच्या नावावर घेतला तर एक टक्का कमी, नोंदणी फी तीस हजार. नवरा-बायको माझ्यासमोर बसून हिशेब करत आणि इथे अडखळत. आता घरूनच ठरवून येतात.

आणि पाणी. पालिकेचं किती तास, बोअरचं किती, टँकर महिन्याला किती. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या आमच्याच पट्ट्यात गुलेन-बॅरी सिंड्रोम (जीबीएस) या नसांच्या आजाराचे रुग्ण सापडले, पाण्यावर संशय गेला आणि विहिरीच्या पाण्याची चर्चा घराघरांत सुरू झाली. धायरी २०१७ मध्ये पालिकेत आली, बाकीची गावं २०२१ मध्ये, पण नळाचं पाणी सगळीकडे तितक्या लवकर पोचलं नाही. त्या महिन्यात मी घराची एकही जाहिरात केली नाही. ज्या सोसायट्यांतून माहिती मिळाली, त्यांच्या टाकीत पाणी कुठून येतं एवढंच सांगत राहिले. माझ्याकडून फ्लॅट घेण्याचा काही संबंध नसलेल्या लोकांनी ते पुढे पाठवलं. घर घ्यायची वेळ आली तेव्हा त्यातले काही माझ्याकडे आले. सोशल मीडियावर धंदा कसा येतो, याचा मला लागलेला पत्ता एवढाच आहे. घर माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो. बाकीची वर्षं तो नुसता बघत असतो. त्या वर्षांत त्याला आपण काय देतो, त्यावर सगळं आहे.

पैसे देऊन केलेल्या जाहिराती मी बंद केल्या. त्यातून नावं-नंबर भरपूर यायचे, पण फोन केला की समोरच्याला आपण फॉर्म भरल्याचं आठवायचं नाही. सगळ्यात जास्त व्यवहार अजून व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवरून होतात, कारण तो बघणारे मला ओळखतात. फ्लॅट गेला की त्याच दिवशी जुन्या पोस्टवर 'विकला' असं लिहिते. हे करायला मला सर्वांत जड गेलं, कारण गेलेल्या फ्लॅटवरच्या फोनांची सवय लागली होती.

एका गोष्टीनं मात्र पुन्हा घाबरले होते. मार्चमध्ये एक मुलगी बॅग घेऊन आमच्या एका सोसायटीच्या गेटवर आली. तिच्याकडे वन बीएचकेचं भाड्याचं 'कन्फर्मेशन' होतं. व्हिडिओ माझा होता. कुणीतरी तो उचलून, भाडं निम्मं लावून टाकला होता आणि तिच्याकडून गेट पास आणि डिपॉझिट म्हणून अठरा हजार रुपये ऑनलाइन घेतले होते. मी तिला सायबर तक्रारीसाठी १९३० वर फोन लावून दिला, दोन दिवस आमच्याकडे ठेवलं. वाटलं, नाव सांगितलं म्हणून हे झालं, काकांचंच खरं होतं. मग तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यात मी कुठेच नव्हते, नुसत्या खोल्या होत्या, म्हणून तो चोरता आला. तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओत मी स्वतः दिसते, नाव सांगते, तारीख सांगते, आणि बोलते, की घर बघायच्या आधी मी कुणाकडूनही एक रुपया घेत नाही. घरांच्या व्हिडिओत चेहरा दाखवायचा नाही, हा माझा हट्ट असा गेला.

काही गोष्टी दाखवत नाही. मालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कॅमेरा आत नेत नाही. देवघर, मुलांचे फोटो, दारावरची पाटी, कपाटावर चिकटवलेलं शाळेचं वेळापत्रक टाळते. बाई एकटी राहत असेल तर घर रिकामं होईपर्यंत थांबते.

भाड्याच्या पोस्टमध्ये 'फक्त शाकाहारी', 'फक्त फॅमिली' असं मालक लिहायला सांगतात. फोनवर हे मी वर्षानुवर्षं आडवळणानं विचारत आले, "गावाकडचे कुठले तुम्ही, आडनाव काय?" पहिल्यांदा उघड लिहायची वेळ आली तेव्हा लिहिता येईना. जे सगळ्यांसमोर लिहायची लाज वाटते ते कानात का विचारायचं, असं स्वतःला विचारलं आणि दोन्ही बंद केलं. त्यापायी चार मालक गेले.

बायपास होतो का? होतो. गेल्या वर्षभरात तीन वेळा लोक नाव ऐकून थेट मालकाकडे गेले. तिन्ही माझ्या मनाला लागले, त्यातला एक तर ओळखीचा होता. आमच्या एजंटांच्या ग्रुपवर मला सुनावलं गेलं, की तू सगळ्यांच्या पोटावर पाय देतेस. त्यांचा राग मी समजू शकते, मीही तिथेच वाढले. पण त्याच ग्रुपवर रोज 'अर्जंट रिक्वायरमेंट' खाली एकच फ्लॅट चार भावांत फिरतो, नाव कुणीच लिहीत नाही, आणि एकाच पार्टीला दोन एजंट तोच फ्लॅट दाखवून येतात. त्यात पार्टीचा रविवार जातो आणि आमची अब्रू.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. मालकही मला दोन टक्के देतो. त्याच्या घरात पाणी येतं हे मी जगाला सांगितलं तर त्याचा भाव पडतो, आणि त्याच्याही आयुष्याची कमाई त्या घरात असते. मी काढलेली वाट अशी, की पहिल्याच भेटीत मालकाला सांगायचं: मी हे हे बोलणार आहे, चालत असेल तर चावी द्या. निम्मे जण चावी देत नाहीत. नदीकडच्या सोसायट्यांत तर बहुतेक जण दार लावून घेतात. त्यांना मी वाईट म्हणत नाही.

या दिवाळीनंतर सरांचा फोन आला. मुलगा नाशिकला आहे, ते दोघं तिकडे जाणार आहेत, फ्लॅट विकायचा आहे. "तुम्हीच विका," म्हणाले. मी गेले. घर रंगवलेलं होतं. मी विचारलं, "सर, पाण्याचं सांगितलेलं चालेल?" बाई आतून बाहेर आल्या. त्यांनी रंगाऱ्याला हॉलच्या दाराशेजारची एक वीतभर पट्टी रंगवू दिली नव्हती. कमरेएवढ्या उंचीवर मातकट रेघ होती. "हिचा फोटो घ्या आधी," म्हणाल्या, आणि रेघेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

इमारतीचं नाव पहिल्या वाक्यात आहे. त्यानंतर कारपेट, भाव, पाणी आलं ती तारीख आणि त्यांचा हात. सहा जण बघून गेले आहेत. फ्लॅट अजून जायचा आहे.